मे महिन्यात सोलापूरला कुणी राहायला जातं का?

मंडळी, गेल्या चार महिन्यांत हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय, की शेवटी सगळ्यांना मिळून एकदाच उत्तर द्यावं म्हणून लिहायला बसले. नणंदेने विचारला, चिंचवडच्या सोसायटीतल्या मैत्रिणींनी विचारला, आणि आमच्या लेकीने तर रोज फोनवर विचारला. "आई, दिवाळीनंतर जा ना! मे महिन्यात सोलापूरला कुणी राहायला जातं का?"

जातं. आणि माझं मत विचाराल, तर घरी परतायचंच असेल तर उन्हाळ्यातच परतावं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचं घर सोलापूर शहरात नाही. पुण्याकडे जाणाऱ्या महामार्गावर (पूर्वी हा 9 नंबरचा होता, आता 65 झालाय) कोंडीच्या पुढे चिंचोळी एमआयडीसी लागते, तिच्या मागच्या वस्तीवर माझं सासर. 1996 साली आम्ही दोघं इथून चिंचवडला गेलो. चिंचोळीहून चिंचवडला, असा विनोद हे तेव्हापासून प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात :) त्यांची कारखान्यातली नोकरी संपली, मीही शाळेतून निवृत्त झाले, आणि यंदा पाडव्याला आम्ही सामान घेऊन परत आलो. चिंचवडचा फ्लॅट अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याने दिला. करार संपेपर्यंत ठरवायचं, की इथे राहायचं की पुन्हा तिकडे जायचं. एवढी खिडकी उघडी ठेवली होती.

आमच्या भागातून पुण्याला जाणं ही काही नवलाची गोष्ट नाही. 2001 मध्ये हुतात्मा एक्स्प्रेस सुरू झाली, फेब्रुवारी 2023 मध्ये वंदे भारत आली. दोन्ही गाड्या सकाळी सोलापूरहून निघतात आणि रात्री परत येतात. गाड्या रोज परत येतात हो, माणसं येत नाहीत. जी येतात त्यांतलीही बरीच टिकत नाहीत. आमच्या ओळखीतली दोन जोडपी अशीच मोठ्या हौसेने परत आली होती. हिवाळ्यात आली, हुरडा खाल्ला, गड्ड्याची जत्रा पाहिली, नातेवाइकांकडे जेवणं झाली. मार्च उजाडला तशी दारंखिडक्या बंद करून एसीत बसली आणि मे महिन्यात गाडी करून पुण्याला पळाली. "गाव आता पूर्वीचं राहिलं नाही," असं वर ऐकवलं.

माझं म्हणणं असं, की ती गावाला कधी आलीच नव्हती. ती घरात आली होती. बंद घर पुण्यातही असतं, सोलापुरातही असतं. गाव घराच्या बाहेर असतं, आणि आमच्याकडे बाहेर पडायला शिकायचं तर ते उन्हाळाच शिकवतो.

शिकवतो म्हणजे काय, तर वेळापत्रक बदलायला लावतो. पारा 42-43 वर गेला की दुपारी बारा ते पाच बाहेर काही काम नाही, हे निमूट मान्य करावं लागतं. पण मग उरलेले तास मोकळे होतात! आम्ही पहाटे साडेचारला उठतो. साडेपाचला चालायला बाहेर. आठच्या आत घरी. मग भाकरी, शेंगाची चटणी, ताक. दुपारी झोप आणि वाचन. सहानंतर पुन्हा बाहेर, आणि रात्री गच्चीवर बाजा. जुन्या माळवदाच्या घरात जाड भिंती आणि वर पांढऱ्या मातीचा थर असायचा, ती घरं दिवसाही गार राहत. आमच्या घरावर आता सिमेंटचा स्लॅब आहे, तो दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत सोडत बसतो. ह्यांनी एप्रिलमध्ये त्यावर चुन्याचे दोन हात दिले, त्याने बराच फरक पडला. पाणी मारून गच्ची गार करायची चैन इथे परवडत नाही. जिल्ह्यात उजनीसारखं 117 टीएमसीचं धरण आहे, त्याचं पाणी आमच्या शेजारच्या पाकणीत शुद्ध होऊन शहराकडे जातं, तरीही सोलापूर शहरात नळाला रोज पाणी येत नाही. वस्तीवर आमची भिस्त बोअरवर. त्यामुळे बादली मोजून वापरायची.

आता तुम्ही म्हणाल, बाहेर पडून बघायचं तरी काय? उजाड माळच ना?

मीही लग्न होऊन आले तेव्हा कोल्हापूरकडची, हिरवा रंग पाहत वाढलेली. मला हा माळ परका वाटायचा. यंदा रोज दोन तास तो पायाखाली घातला तेव्हा ओळख झाली. पहाटे डोंबारी पक्षी उंच जातो आणि शीळ घालत दगडासारखा खाली येतो, जमिनीला टेकायच्या आत पुन्हा वर. टिटवी उघड्या मुरमावर अंडी घालते, खड्यांसारखीच दिसतात ती, पाय पडेपर्यंत कळत नाहीत. दुपारच्या उन्हात अंडी भाजू नयेत म्हणून ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. हे वाचलं होतं. मे महिन्यात, आमच्या बोअरपाशी साचलेल्या टीचभर पाण्यात टिटवी बुड भिजवताना प्रत्यक्ष पाहिलं. त्या दिवसापासून हे त्या खळग्यात रोज तांब्याभर पाणी ओततात. बादलीचा हिशोब टिटवीला लागू नाही म्हणे!

आणखी एक मजा सांगते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. साडेबाराला पाच-सात मिनिटं कमी असताना आम्ही अंगणात खलातला बत्ता उभा करून बसलो. डोक्यावर ओले पंचे. सावली आकसत आकसत बत्त्याच्या बुडाखाली गेली. साठीला आलेली दोन माणसं भर उन्हात बत्त्याकडे टक लावून बसलीत, हे बघून शेजारचे चुलत सासरे म्हणाले, "येडे झालाव का रे? लोकं मे म्हैन्यात म्हाबळेश्वरला जातात!" पण दहा मिनिटांनी तेही टोपी घालून येऊन बसले.

हे सगळं गंमत म्हणून सोडून दिलं असतं, पण मध्येच एक प्रश्न उभा राहिला. घरामागे आमचा अडीच एकर मुरमाड माळ आहे. एमआयडीसी जवळ, महामार्ग जवळ, त्यामुळे एजंट येऊन गेला. एनए करून गुंठ्यांनी विकू, म्हणाला. रक्कम ऐकून आम्ही दोघंही दोन दिवस गप्प होतो. खोटं कशाला सांगू, आम्हाला पेन्शन जेमतेम, आणि लेकीच्या घराचा हप्ता मोठा. पुतण्या म्हणाला, "काकू, पडीकच तर आहे." दुसरा एक नातेवाईक पर्यावरणवाला, तो म्हणाला, विकू नका, खड्डे घ्या आणि पाचशे झाडं लावा.

मला दोघांचंही पटलं नाही. का ते सांगते.

'पडीक' हा शब्दच मुळात चुकीच्या नजरेतून आलाय. सोलापूरचा माळ म्हणजे मेलेलं जंगल नव्हे, ती गवताची जमीन आहे, आणि गवताचं आयुष्य मुळात असतं. इथून जवळच नान्नजला माळढोक अभयारण्य आहे. 1979 मध्ये ते जाहीर झालं तेव्हा 8,496 चौरस किलोमीटरचं होतं. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच आलं, लोकांना जमिनीचे व्यवहार अवघड झाले, रोष वाढला, आणि पुढे ते कमी करून 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं. लोकांचा त्रास खरा होता, मी तो नाकारत नाही. पण ज्या पक्ष्यासाठी हे केलं तो माळढोक आज सगळ्या देशात दीडशेच्या आसपासच उरलाय, आणि आमच्या भागात एखादा दिसला तर बातमी होते. हा पक्षी वर्षाला साधारण एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर. त्याला लांबवर मोकळं दिसायला लागतं. त्याच्या दृष्टीने प्लॉटिंगचे दगड वाईट आणि दाट लावलेली झाडंही वाईटच. काळवीट, लांडगा, खोकड यांनाही माळच लागतो. आणि धनगरांच्या मेंढरांनाही.

माझा एमआयडीसीला विरोध आहे असं कृपया समजू नका. आमची सगळी भाकर कारखान्याची. इथल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्समध्ये घडलेले भाग परदेशी गाड्यांत बसतात, याचा मला अभिमानच वाटतो. संध्याकाळी चालताना शिफ्ट सुटलेली पोरं भेटतात, त्यांतली कितीतरी पत्र्याच्या खोल्यांत राहतात. उन्हाळ्याचं वेळापत्रक बदलायची आमची चैन त्यांच्या हातात नाही. म्हणून माझी साधी अपेक्षा अशी, की औद्योगिक वसाहत आखताना रस्त्याकडेला कडुनिंब, बसायला कट्टे आणि पाण्याचा नळ हे ट्रान्सफॉर्मरइतकंच आवश्यक धरावं. उघड्यावरचं काम मे महिन्यात बारा ते चार बंद ठेवावं. झाडं लावायचीच असतील तर ती इथे, रस्त्यांवर लावा. माळाला माळ राहू द्या.

तर आमच्या अडीच एकराचं काय झालं? जूनच्या पहिल्या आठवड्यात वळवाचे दोन पाऊस झाले. मेंढरं घेऊन येणाऱ्या एका धनगर आजींना मी आधी म्हटलं होतं, की सगळं गवत वाळून मेलंय. त्या म्हणाल्या होत्या, "मेलं न्हाई वैनी, झोपलंय." पावसानंतर आठवडाभरात मुरमातून हिरवी पाती वर आली. हे एकटेच बांधावर बराच वेळ उभे होते. परत आले आणि म्हणाले, "एजंटला नको सांगतो. तुझं काय?" मी म्हटलं, माझं तर केव्हाच ठरलंय, लेकीशी मात्र तुम्ही बोला. तिच्याशी बोलणं सोपं गेलं नाही. ती दोन दिवस रागावली होती आणि तिचा राग मला कळतो. शेवटी फ्लॅटचं भाडं तिच्या हप्त्याकडे वळतं करायचं ठरलं. म्हणजे करार अकरा महिन्यांनी संपला की पुन्हा होणार, आणि आम्ही इथेच.

चिंचवडला आम्ही एकोणतीस-तीस वर्षं एका छताखाली होतो, पण ह्यांची शिफ्ट आणि माझी शाळा यांत सलग दोन तास शेजारी चाललो असू असं आठवत नाही. इथे रोज चालतो. बोलतोच असं नाही. पण कुठे डोंबारी पडला की दोघांची मान एकाच वेळी वळते.

असो. पुढच्या मे महिन्यात या. गच्चीवर दोन बाजा जास्तीच्या आहेत. टोपी आणा, पहाटे उठायची तयारी ठेवा, आणि चालताना खाली बघत चाला. टिटवीची अंडी असतात.