आपल्या कॉलेजची पोरं

प्लेसमेंटचा सीझन आला की एचआरवाल्यांना अचानक आमच्यासारख्यांची आठवण होते. "तू त्याच कॉलेजचा ना? मग या वेळी टीमबरोबर तूही चल." एरवी टेबलाकडे न फिरकणारी माणसं इतक्या प्रेमाने बोलायला लागली की समजावं, कँपस जवळ आला! कर्मचाऱ्यांना त्यांच्याच जुन्या कॉलेजात भरतीसाठी न्यायचं ही पद्धत आता बऱ्याच कंपन्यांत रुळली आहे. मला ती मनापासून आवडते. पण ती जशी राबवली जाते, त्याबद्दल थोडं बोलायचं आहे.

आधी आवडण्याचं कारण. बाहेरच्या माणसाला मार्कशीट दिसते, त्यामागचं कॉलेज दिसत नाही. दहावी, बारावी, डिग्री, तिन्हीकडे साठ टक्के हवेत, ही चाळणी लावणं सोपं. पण डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलाची एम-थ्रीला केटी का लागते आणि तोच मुलगा वर्कशॉपमध्ये सगळ्यांच्या पुढे का असतो, हे तिथे शिकलेल्यालाच कळतं. मराठी माध्यमातून आलेली एखादी मुलगी जीडीत गप्प बसते. तिला विषय कळत नाही असं नसतं, मनात इंग्रजी वाक्य जुळवेपर्यंत शेजारचा बोलून मोकळा होतो, एवढंच. शिवाय पोरंही सीनियरला खरे प्रश्न विचारतात. बाँड किती वर्षांचा? सपोर्टला टाकणार की डेव्हलपमेंटला? हातात किती पडतात? हे प्रश्न एचआरच्या गुळगुळीत प्रेझेंटेशननंतर माईक हातात घेऊन कोणी विचारत नाही. ते चहाच्या टपरीवर विचारले जातात.

आता दुसरी बाजू. ओळखीतून नोकरी मिळते हे आपल्याला आजीपासून ठाऊक आहे, पण मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने ते मोजून दाखवलं. मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटन गावात त्याने केलेल्या पाहणीत (पुस्तक १९७४ चं) निम्म्याहून जास्त लोकांना नोकरी ओळखीतून मिळाली होती. लॉरेन रिव्हेरा यांचं 'पेडिग्री' हे २०१५ चं पुस्तक तर थेट याच विषयाजवळचं. तिकडच्या बड्या बँका, सल्लागार कंपन्या आणि वकिली फर्म ठरावीक विद्यापीठांच्या यादीबाहेर फारसं बघतच नाहीत, आणि निवड करणारे नकळत आपल्यासारखाच माणूस निवडतात, असं त्यांनी दाखवलं आहे.

आपल्याकडे काय वेगळं होणार? ज्या कॉलेजची दहा माणसं कंपनीत आहेत तिथे गाडी दरवर्षी जाते. हिंगोली किंवा नंदुरबारकडच्या ज्या कॉलेजचं कोणीच कंपनीत नाही, त्याचं नाव मीटिंगमध्ये घेणार कोण? आणि गाडी गेलीच नाही तर पुढच्या वर्षी तरी तिथलं कोणी कंपनीत कसं असेल?

यावर उपाय आपल्या कॉलेजातच आहे. प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल का येतो? इंटर्नल मुलाला ओळखतो, म्हणून एकट्या त्याच्या हाती मार्क ठेवत नाहीत. भरतीतही तसंच असावं. माजी विद्यार्थ्याने माहिती द्यावी, मॉक इंटरव्ह्यू घ्यावेत, पॅनेलला कॉलेजची खरी परिस्थिती समजावून सांगावी. पण शेवटचा शेरा दुसऱ्या कॉलेजच्या माणसाने मारावा. आणि एक गाडी ओळखीच्या कॉलेजला गेली की एक अनोळखी कॉलेजला गेलीच पाहिजे.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा मात्र शब्दाचा आहे. कंपनी कॉलेजात जाते तेव्हा ती आपली पत वापरत असते. "आपला सीनियर आलाय" म्हटल्यावर पोरं निर्धास्त होतात. बऱ्याच कॉलेजांत 'एक विद्यार्थी, एक नोकरी' असा नियम असतो. ऑफर मिळाली की पुढच्या कंपन्यांना बसता येत नाही. २०२२-२३ मध्ये आयटीतल्या अनेक ऑफर्सचं जॉइनिंग महिनोन्महिने लांबलं, काही तर रद्दच झाल्या. त्या पोरांचं काय झालं असेल? हातची ऑफर गेली आणि ती हातात होती म्हणून बाकीच्याही गेल्या. घरी शैक्षणिक कर्जाचे हप्ते. अशा वेळी कंपनी दोन ओळींचा मेल पाठवून मोकळी होते. फोन येतात ते सीनियरला.

म्हणून जायला हो म्हणण्याआधी तीन गोष्टी एचआरकडून लेखी मागाव्यात असं मला वाटतं. किती जागा खरोखर मंजूर आहेत? जॉइनिंग कोणत्या महिन्यात? आणि ते लांबलं तर मुलांना दुसरीकडे बसायची मोकळीक मिळावी म्हणून कंपनी कॉलेजला वेळेवर कळवणार का? या उत्तरांशिवाय नुसता टी-शर्ट घालून स्टेजवर उभं राहू नये. वरिष्ठ थोडे नाराज होतील, होऊ देत. कंपनी आपण उद्या बदलू, कॉलेज काही बदलता येत नाही.

तुमच्यापैकी बरेच जण या सीझनला जाणार असतील. जरूर जा. फक्त जाण्याआधी हे तीन प्रश्न विचारून बघा.