सदाफुली आणि आमची लाज

"मनशांक वखदां मेळनात, आनी तूं सुण्याचेर पयशे उडयता?"

हे वाक्य मी गेल्या दोन महिन्यांत ऑफिसात निदान दहा वेळा ऐकले. ऐकवणारे सगळे सज्जन. माझा गुन्हा एवढाच, की दर शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी आमच्या राणीला पशुवैद्यकीय इस्पितळात नेत होतो. राणी म्हणजे गावठी कुत्री. तिला कर्करोग झाला होता.

आता उत्तर देतो. माणसांच्या औषधासाठी ज्यांचा जीव तुटतो, ते चतुर्थीच्या फटाक्यांना आणि मुंजीतल्या तिसऱ्या पक्वान्नाला हा हिशेब कधी लावत नाहीत. सुण्यालाच लावतात. राणीवर न खर्चलेला पैसा कुणा रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचला असता काय? माझ्याच खिशात राहिला असता.

पैसा हा बहाणा आहे. खरी गोष्ट लाजेची आहे.

राणीचा आजार म्हणजे ट्रान्समिसिबल व्हेनेरियल ट्यूमर. कुत्र्यांच्या संगातून, चाटण्या-हुंगण्यातून पसरणारी गाठ. यात विषाणू नसतो. गाठीच्या जिवंत पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाऊन रुजतात. नोविन्स्की या रशियन पशुवैद्याने १८७६ सालीच अशी गाठ एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखवली होती. माणसाला ती होत नाही. पण गाठीची जागा अवघड आणि रक्त गळत राहते. म्हणून आपण त्याला 'वायट दुयेंस' म्हणतो आणि जनावराला घराबाहेर काढतो.

आपण म्हणजे मीसुद्धा. वीस वर्षांपूर्वी आमच्या घरच्या कुत्रीला हेच झाले होते. 'पोरेंबाळें असलेल्या घरांत नाका' असे ठरले आणि मीच तिला गोणपाटात घालून शेजारच्या गावच्या बाजारात सोडून आलो. परतताना मागे वळून पाहिले नाही. बरी होणारी कुत्री मी मरायला सोडली, हे मला राणीच्या पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी कळले.

होय, बरी होणारी! कुत्र्यांचे सगळे कर्करोग असे नसतात. काहींत वेदना कमी करणे एवढेच हाती उरते. पण या गाठीवर व्हिन्क्रिस्टीन हे औषध आठवड्यातून एकदा शिरेतून देतात आणि साधारण चार ते आठ डोसांत बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. हे औषध मिळते सदाफुलीपासून. तीच, आपल्या पोरसात न लावता उगवणारी गुलाबी-पांढरी सदाफुली. (म्हणून कुणी तिचा काढा पाजू नये, झाड विषारी आहे.)

सोपे होते असे नाही. औषध शिरेबाहेर सांडले तर मांस जळते, म्हणून पाय हलू न देता धरावा लागतो. डोसाआधी रक्त तपासायचे, पांढऱ्या पेशी उतरल्या तर डोस पुढे ढकलायचा. इंजेक्शननंतर दोनतीन दिवस तिचे मूत हातमोजे घालून पुसायचे. राणी ओकायची, पेजेला तोंड लावत नसे. बायको सोप्यावर बसून तिला चमच्याने निवळ भरवायची. सहाव्या डोसानंतर गाठ दिसेनाशी झाली.

आपल्या दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात. धर्मराजाने कुत्र्यासाठी स्वर्गाच्या दारात पाय अडवला, हे आपण मुलांना सांगतो. मग दारातले कुत्रे रक्ताळले की गोणपाट का शोधतो?

माझी मागणी लहान आहे. गाठ दिसली की बाजाराची वाट न धरता डॉक्टरची धरा. नसबंदी वेळेवर करून घ्या. संग थांबला की या रोगाची मुख्य वाटही बंद होते.

आणि लपवू नका. पहिल्या पाच रजेच्या अर्जांवर मी कारण लिहिले 'घरगुती काम'. सहाव्यावर लिहिले 'कुत्रीच्या कर्करोगावर उपचार'. साहेबांनी चष्म्यावरून पाहिले आणि सही केली. एवढ्यासाठीच मी पाच आठवडे खोटे लिहीत होतो!