घास चावताना जबडा दुखतो?



गेल्या मार्चमधली गोष्ट. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी आणलेले. रात्री जेवायला बसले तर भाकरीचा घास चाववेना. कानापुढे ठणका, तोंड उघडताना ‘कट्’ असा आवाज. अक्कलदाढ असेल म्हणून दोन दिवस लवंग धरली, गुण नाही.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून विचारले, “पेपर तपासताना दातावर दात दाबून बसता का?” मी चाटच पडले. खरेच की!

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा. हलतो तो जबड्याचा सांधा. जेवताना सोडले तर एरवी वरचे-खालचे दात टेकायला नकोत. पण काळजीत, रागात, झोपेतही आपण ते आवळून धरतो. मग स्नायू थकतात आणि घास जड होतो. त्यावर घरी एवढे करावे :

• आठ-पंधरा दिवस मऊ जेवण : वरण-भात, खिचडी, दुधात कुस्करलेली भाकर. आपला गोरसपाकसुद्धा दुधात भिजवूनच!

• घास लहान घ्यावा, दोन्ही बाजूंनी चावावा.

• गरम पाण्यातून पिळलेल्या रुमालाने 10-15 मिनिटे शेकावे, दिवसातून दोनदा.

• जांभई येताच हनुवटीखाली मूठ धरावी.

• ओठ मिटलेले, दात सुटे. कणीक मळताना मी हे आठवते.

नुसता आवाज येतो, दुखत नाही, तर घाबरू नका. मात्र सूज, ताप असेल, जबडा अडकला असेल किंवा पंधरा दिवसांत उतार नसेल, तर दवाखाना गाठा. जबड्याबरोबर छातीत दुखले, घाम सुटला, तर क्षणभरही थांबू नका.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक करायला लावले. मधली तीन बोटे एकाखाली एक धरून तोंडात घालायची. माझी गेली. घरी येऊन जाऊबाईंना ही गंमत दाखवली. त्यांची दोनच गेली. हसता हसता आम्ही दोघी गप्प झालो.

जाऊबाई तंबाखूला शिवत नाहीत. पण जेवल्यावर सुपारी, शिवणावर बसल्या की सुपारी. ठेचा झोंबतो म्हणून त्यांनी तो कधीच सोडला होता. आम्हाला वाटले, वय झाले! सुपारीने गालाच्या आतली कातडी ताठर होत जाते, तोंड उघडेनासे होते. तंबाखू नसली तरी नुसती सुपारीही कर्करोगाला कारण होते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात स्पष्ट म्हटले आहे. आलेला ताठरपणा सहसा पूर्ण जात नाही; सुपारी सोडून उपचार घेतले तर वाढ रोखता येते. इथे शेकण्याचा उपयोग नाही. आपल्याकडे सावंगी (मेघे) येथे दंत महाविद्यालय आहे; तिथे दाखवता येते.

जाऊबाईंचे उपचार सुरू आहेत. अडकित्ता त्यांनी स्वतःच माळ्यावर टाकला. डब्यात आता बडीशेप असते.

आज रात्री जेवणे झाली की घरातल्या सगळ्यांना तीन बोटे घालून पाहायला सांगा. खर्रा खाणाऱ्या भाऊजींना तर आधी!