उडत्या मोटारी आणि झटपट न्याय

हाणामारीच्या चित्रपटांचे नामवंत दिग्दर्शक एका अर्थाने व्यापारचिन्हाचे धनी असतात. हाँगकाँगचे जॉन वू यांच्या 'द किलर' (१९८९) आणि 'फेस/ऑफ' (१९९७) या चित्रपटांत दोन्ही हातांत पिस्तुले घेतलेला वीर आणि गोळीबारात फडफडणारी पांढरी कबुतरे आढळतात. आपल्याकडे रोहित शेट्टी यांचा चित्रपट म्हटला की मोटारी हवेत उडणार, हे प्रेक्षक तिकीट काढण्यापूर्वीच जाणून असतो.

टीकाकार याला कल्पनादारिद्र्य म्हणतात. वस्तुतः हा व्यवहारी हिशेब आहे. चित्रपट ही अशी वस्तू आहे की, तिचा दर्जा पैसे मोजल्यानंतरच कळतो. त्यामुळे साबणाच्या वेष्टनावरील छाप गिऱ्हाइकास जी हमी देते, तीच दिग्दर्शकाची ठरावीक लकब प्रेक्षकास देते. निर्मात्याची जोखीमही तेवढीच कमी होते.

मोटारी उडाल्याने समाजाचे फारसे बिघडत नाही. परंतु पुनरावृत्तीने रूढ झालेले प्रत्येक चिन्ह इतके निरुपद्रवी नसते. 'सिंघम' (२०११) पासून शेट्टी यांच्या पोलीसपटांत आणखी एक चिन्ह ठळक होत गेले आहे : कायद्याची प्रक्रिया हा अडथळा, आणि वर्दीतला नायक हाच न्यायाधीश. 'सिम्बा' (२०१८) मध्ये बलात्कार प्रकरणातील आरोपींना पोलीस ठाण्यातच ठार करून चकमकीचा देखावा रचला जातो आणि नायक सहीसलामत सुटतो. सिंघम आणि भालेराव ही पात्रे मराठी असल्याने हा विषय आपल्या अंगणातलाच आहे.

डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ बलात्कार व खुनाच्या प्रकरणातील चार आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर पुष्पवृष्टी केली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. विकास सिरपूरकर आयोगाचा अहवाल २०२२ मध्ये उघड झाला. पोलिसांची हकीकत विश्वासार्ह नाही, हा त्याचा निष्कर्ष होता. चित्रपट आणि या घटनेत थेट कार्यकारणसंबंध जोडणे अर्थातच धाडसाचे ठरेल. पण टाळ्या दोन्हीकडे सारख्याच पडल्या, हे नाकारता येत नाही. 'सिंघम'सारखे चित्रपट घातक संदेश देतात, असा इशारा मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. गौतम पटेल यांनी २०२३ मध्ये दिला होता.

मग अशा चित्रपटांवर बंदी घालावी काय? मुळीच नाही. अस्सल माल दुर्मिळ झाला की पर्यायी मालास गिऱ्हाईक मिळते, हा बाजाराचा साधा नियम आहे. जिल्हा व तालुका न्यायालयांत चार कोटींहून अधिक प्रकरणे तुंबली आहेत. ज्याचा खटला वर्षानुवर्षे रेंगाळतो, त्याला अडीच तासांत मिळणारा पडद्यावरचा निकाल गोड वाटला तर नवल नाही. दिग्दर्शक ती भूक निर्माण करीत नाही, तो ती विकतो.

म्हणून उपाय सेन्सॉरच्या कात्रीत नाही. न्यायाधीशांच्या रिक्त जागा भरणे, तपास शास्त्रशुद्ध करणे आणि खटले वेळेत निकाली काढणे, यांतच तो आहे. आणि तोवर, चकमकीत मारला जाणारा प्रत्येक जण चित्रपटातल्यासारखा निःसंशय अपराधी असतोच असे नाही, एवढे तरी आपण शिक्षकांनी वर्गात सांगत राहिले पाहिजे.