रांगोळीवरचा थेंब

गेल्या दिवाळीत सुप्याला मामांकडे गेलो होतो. मामी रांगोळी काढायला वाकल्या आणि डाव्या नाकपुडीतून टपकन पाणी पडले. "मेले पडसे!" त्या म्हणाल्या. मामा म्हणाले, "दुष्काळी सुप्यात एवढे पाणी एक हिच्याकडेच!" आम्ही सारे हसलो.

पुण्याच्या डॉक्टरांनी ते हसू मावळवले. ते पाणी मेंदूभोवतालचे होते! कवटीच्या तळाला बारीक भोक. त्या वाटेने जंतू शिरले की जिवावरचे दुखणे. पण भोक शोधावे कसे?

डॉक्टरांनी कण्यातल्या पाण्यात फ्लुरेसीन नावाचा रंग सोडला, तोही अगदी थेंबभर. जास्त झाला तर झटके येतात. नाकात दुर्बीण घातली, तो हिरवट धारच जागा दाखवू लागली. भोक बुजवले.

जर्मनीत डॅन्यूबचे गडप होणारे पाणी आख नदीच्या झऱ्यात निघते, हे १८७७ साली याच रंगाने कळले होते. मेंदूच्या पाण्यासाठी तो वापरल्याचे १९६० साली डॉक्टरांनी लिहिले.

वाचकहो, वाकल्यावर एकाच नाकपुडीतून नितळ पाणी गळत असेल, तर काढे उकळत बसू नका.

यंदाची रांगोळी कोरडी आहे. मामा मात्र विचारतात, "आमच्या गळक्या तलावापुरता उरलाय का हो तो रंग?"