बटाटा ताजा की कोल्डचा? पाटी लावा!

काल ओव्हनमध्ये बटाटे भाजले. सालीला तेल-मीठ चोळून, २०० डिग्रीवर, तासभर. साल काळपट, आतला गर गोडूस! दोष ओव्हनचा नाही. शीतगृहात २ ते ४ अंशांवर ठेवलेल्या बटाट्यात स्टार्चची साखर होते. वेफर्सवाले म्हणूनच आपला माल एवढा गार ठेवत नाहीत. आपल्याला मात्र कोणी सांगतच नाही. आमच्या मंडईत सातगाव पठारचा खरिपाचा ताजा बटाटा आणि उत्तरेकडचा कोल्डचा एकाच ढिगात, एकाच भावात. मग आंबेगावच्या शेतकऱ्याला ताज्या मालाचे चार पैसे जास्त मिळणार कसे? बाजार समित्यांनी गाळ्यांवर पाटी सक्तीची करावी. तोवर भाजीवाल्याला विचाराच. कोल्डचा घरी आलाच, तर दोन आठवडे फ्रीजबाहेर, अंधारात ठेवा. गोडी बरीच उतरते.