एका शिंपल्याची दोन बारशी

तिसऱ्या आणि कालवे आपल्या ओळखीची आहेत. दोन झडपांच्या कवचात राहणाऱ्या या प्राण्यांचा एक भाऊबंद मात्र इतका वाढतो की तो ठेवायला परातच हवी. त्याला 'महाशिंपला' म्हणतात. आपल्या लक्षद्वीप व अंदमानच्या प्रवाळ खडकांवरही तो आढळतो. आजची हकिकत मात्र तांबड्या समुद्रातील एका महाशिंपल्याची आहे.

तांबड्या समुद्राच्या उत्तर टोकाला अकाबाचे आखात आहे. तेथे महाशिंपल्यांच्या दोन जाती आहेत, अशी समजूत होती. फिलिपाइन्सच्या संशोधिका हिली रोआ-कियाओइट, जर्मनीचे क्लाउडिओ रिश्टर आणि त्यांचे सहकारी त्यांपैकी एका जातीची पैदास करण्याच्या खटपटीत होते. तेव्हा काही शिंपले निराळे वाटले. त्यांच्या कवचावर खोल, उभ्या घड्या होत्या आणि कडा नागमोडी होती. इतर दोन जाती उन्हाळ्यात अंडी सोडत. हे शिंपले वसंत ऋतूतच, तेही थोडे दिवस. आनुवंशिक तपासणीनेही जात वेगळी असल्याचा निर्वाळा दिला. 2008 मध्ये तिचे बारसे झाले : 'ट्रायडॅक्ना कोस्टाटा'. लॅटिनमध्ये 'कोस्टा' म्हणजे बरगडी.

पण या आनंदवार्तेबरोबर एक वाईट बातमीही आली. पाहणीत आढळलेल्या दर हजार जिवंत महाशिंपल्यांत या जातीचे जेमतेम सहा होते. उलट, सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत तिचे प्रमाण 80 टक्क्यांहून अधिक होते! मग ही जात एवढी घटली कशी?

महाशिंपल्याच्या मांसल पडद्यात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि यजमानालाही देते. ही जात तर अगदी उथळ पाण्यातच राहते, त्यामुळे माणसाच्या हाताला ती सहज लागते. किनाऱ्यावर आलेल्या आदिमानवापासूनच ती खाण्यासाठी वेचली गेली असावी, असा संशोधकांचा तर्क आहे. शिवाय महाशिंपला जागचा हलत नाही. तो अंडी व शुक्रजंतू पाण्यात सोडून देतो. जवळपास सोबतीच नसेल, तर त्यांची गाठ पडणार कशी?

2011 मध्ये या गोष्टीला कलाटणी मिळाली. ऑस्ट्रियाच्या जहाजाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तांबड्या समुद्रातून आणलेले शिंपले व्हिएन्नाच्या संग्रहालयात होते. रुडॉल्फ स्टुरानी यांनी 1899 मध्ये त्यांतील एकाला 'ट्रायडॅक्ना स्क्वामोसिना' असे नाव दिले होते. तो हाच शिंपला निघाला! शास्त्राच्या नियमाप्रमाणे आधीचे नाव मानायचे, म्हणून 'कोस्टाटा' मागे पडले.

म्हणजे नाव मिळूनही सुमारे शंभर वर्षे या जातीची कोणी दखल घेतली नाही. दिसली तरी ती शेजारच्या जातींत मोजली गेली आणि तिची घट कोणाच्या ध्यानात आली नाही. 2008 मधल्या शोधाचे मोल नावापेक्षा या मोजणीत आहे. वेगळी ओळखली, म्हणून ती संकटात असल्याचे कळले.

आपल्याकडे महाशिंपल्यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. बेटांवर सहलीला गेलात, तर त्याचा शिंपला शोभेसाठी उचलू किंवा विकत घेऊ नका. पाण्यातच त्याची खरी शोभा आहे.